घराण्याचा माग कसा काढावा : नाशिकची नामावळी, मोडी कागद आणि जुने फेरफार

दीडशे वर्षांपूर्वीच्या कागदात तुमचं आडनाव असेलच असं नाही. गाव मात्र असतं. जमीन गावात होती, वतन गावचं होतं, शेतसारा गावावर बसायचा, आणि गंगेवर, म्हणजे नाशिकला गोदावरीवर आलेला यात्रेकरू उपाध्यांना आधी गाव सांगायचा, मग नाव. आडनावं बदलत राहिली. कुणाचं हुद्द्यावरून पाटील झालं, कुणाचं कुलकर्णी. एका भावानं गावावरून आडनाव लावलं, दुसऱ्यानं जुनंच ठेवलं. शाळेत नाव घालताना मास्तरांनी जे लिहिलं ते पुढच्या पिढ्यांना चिकटलं. म्हणून शोध गावापासून सुरू करावा आणि शेवटपर्यंत गावाचा धागा सोडू नये.

दुसरी गोष्ट शिस्तीची. माहीत असलेल्या माणसापासून एकेक पिढी मागे जायचं. पेशवाईतल्या कुणा नामवंत सरदाराचं आडनाव आपल्याशी जुळतं म्हणून तिथून खाली उतरत येऊ नये. तसं केलं की मधल्या चार-पाच पिढ्या अंदाजानं भरल्या जातात आणि सगळी वंशावळ पोकळ होते. मुलगा आणि बाप या प्रत्येक जोडीला निदान एक कागद हवा, जमलं तर वेगवेगळ्या ठिकाणचे दोन.

घरातून काय गोळा करावं

थोरल्यांना 'आपण मूळचे कुठले?' एवढंच विचारलं तर ऐकीव उत्तर मिळतं. त्यापेक्षा हे विचारा : कुलदैवत कुठलं आणि तिथे नेमानं कोण जायचं? देवक कोणतं? आपल्याकडे कुणी गेलं की कुठल्या गावची घरं सुतक पाळतात? आपल्याच आडनावाच्या कोणत्या गावच्या घरांशी सोयरीक होत नाही? शेवटचे दोन प्रश्न सोन्यासारखे आहेत. सुतक पाळणारं किंवा सोयरीक वर्ज्य असलेलं घर म्हणजे भाऊबंद, आणि भाऊबंदांचं गाव हे बहुधा तुमच्या जुन्या गावाकडे नेणारी वाट असते.

मग वस्तू. जुन्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नाव, गाव, कधी सालही कोरलेलं असतं. माळ्यावरची घागर, परात, समई उलटी करून पाहा. जन्मपत्रिकेत शक, संवत्सर, जन्मगाव आणि बापाचं नाव मिळतं. लग्नपत्रिका, रजिस्टर झालेली खरेदीखतं, शाळेचे दाखले, शेतसारा भरल्याच्या जुन्या पावत्या, कोर्टाचे हुकूमनामे, सगळ्यांचे फोटो काढा, मागच्या कोऱ्या बाजूसकट. मागच्या बाजूला स्टॅम्पवाल्याची नोंद असते आणि तीत स्टॅम्प घेणाऱ्याचं गाव लिहिलेलं असतं.

घरात श्राद्ध होत असेल तर ते चालवणाऱ्याकडून नावं उतरवून घ्या. बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आईकडचे मातामह, प्रमातामह, वृद्धप्रमातामह अशा तीन पिढ्या त्यात उच्चारल्या जातात. आईचं माहेर इतक्या मागे नेणारं साधन दुसरीकडे क्वचितच मिळतं.

जमलेली नावं लिहिताना प्रत्येकाला क्रमांक द्या. स्वतःला १, वडिलांना २, आईला ३. पुढे कुणाच्याही वडिलांचा क्रमांक त्याच्या दुप्पट, आईचा दुप्पट अधिक एक. पणजोबा, म्हणजे वडिलांच्या वडिलांचे वडील, ८ होतात. तीन पिढ्या एकाच नावाच्या असल्या तरी क्रमांकामुळे घोटाळा होत नाही.

नामावळी

रामकुंडावर अस्थिविसर्जन, श्राद्ध, सिंहस्थातलं स्नान यांसाठी आलेल्या यजमानाच्या नोंदी क्षेत्रोपाध्ये पिढ्यान् पिढ्या ठेवत आले. याच त्या नामावळी. त्र्यंबकेश्वरला कुशावर्ताभोवतीच्या तीर्थोपाध्यांकडे अशाच, पण स्वतंत्र नोंदी आहेत. नाशिकला आलेला माणूस त्र्यंबकला गेलाच असेल असं नाही, आणि नारायण नागबळीसाठी त्र्यंबकला आलेल्यानं नाशिकला नोंद केलीच असेल असंही नाही. दोन्हीकडे विचारा.

नोंदीत साधारणपणे नाव, वडिलांचं आणि आजोबांचं नाव, भाऊ, चुलते, मुलगे, गाव, तालुका किंवा परगणा, येण्याचं कारण आणि मिती, म्हणजे तिथीची तारीख असते. ज्याला लिहिता येत होतं त्याच्या हातची सही असते. एकाच वेळी तीन-चार पिढ्या आणि आडव्या फांद्या देणारा असा कागद सरकारी दप्तरात मिळणं अवघड. जात आणि वारसाच्या वादांत न्यायालयांनीही या नोंदी पुराव्यात पाहिल्या आहेत, त्यामुळे जुन्या पानावर स्वतःच्या हातानं एक रेघही ओढू नये. नाव राहिलं असेल तर आजच्या तारखेची नवी नोंद करावी.

कोणते उपाध्ये आपले, हे गाव, आडनाव आणि काही ठिकाणी जात यावर ठरतं. पंचवटीत पुरोहित संघाच्या कार्यालयात किंवा रामकुंडावरच्या कुणाही उपाध्यांना 'निफाड तालुक्यातल्या अमुक गावचे, अमुक आडनावाचे उपाध्ये कोण?' असं नेमकं विचारलं तर घर कळतं. नुसतं आडनाव सांगितलं तर चार घरं दाखवली जातात.

नोंद सापडत नाही तेव्हा कारण बहुतेक वेळा यांपैकी एक असतं. पहिलं, तुम्ही आजचं गाव सांगता आणि घराणं नोंदलेलं असतं जुन्या गावाखाली. गाव सोडलं तरी उपाध्ये सोडायची रीत नव्हती. मुंबईत किंवा इंदुरात तीन पिढ्या राहिलेल्या कुटुंबाची नोंदही जुन्या गावाच्या वहीतच सलग चाललेली असते. दुसरं, उपाध्यांच्या घरात वाटण्या झाल्या आणि त्या गावाची वही चुलत घराकडे गेली. 'ही वही वाटणीत कुणाकडे गेली?' असं विचारायला संकोच करू नका. तिसरं, जुनी वही जीर्ण झाल्यावर तिची नक्कल केली गेली आणि नक्कल करणाऱ्यानं मोडी लिपीतलं नाव चुकीचं वाचलं. म्हणून देवनागरीतली सुबक यादी दाखवली तर मूळ पान शिल्लक आहे का, हे आदरानं विचारावं. नकलेत सही नसते, मूळ पानावर असते.

जाण्याची वेळ नीट निवडा. पितृपक्ष, अमावास्या आणि सकाळची वेळ टाळा. विधी चालू असताना वही काढून बसायला कुणालाच सवड नसते. आधी फोन करा, दुपारी जा. गावांची नावं, माहीत असलेल्या तीन पिढ्या आणि भाऊबंदांची गावं एका कागदावर ठळक लिहून न्या. दक्षिणा द्या. फोटो परवानगीनं काढा आणि फक्त आपल्या नोंदीचा काढा, कारण शेजारच्या ओळी दुसऱ्या घराण्याच्या असतात. प्रत्येक फोटोसोबत उपाध्यांचं घर, वहीची ओळख आणि पान टिपून ठेवा. हे नसलेला फोटो पुढे पुराव्याला निरुपयोगी ठरतो.

सिंहस्थाच्या वर्षांत नोंदी दाट असतात. गुरू सिंह राशीत येतो तो साधारण बारा वर्षांनी. २००३, २०१५ ही अलीकडची वर्षं. मागे मोजत जाताना एखादं वर्ष सरकतं, कारण गुरूची फेरी बारा वर्षांना थोडी कमी पडते. घरात कुणाच्या येण्याचं साल माहीत नसेल तर आधी सिंहस्थाची वर्षं चाळून घ्यावीत. पुढचा सिंहस्थ ऑक्टोबर २०२६ च्या अखेरीस सुरू होऊन २०२८ पर्यंत चालणार आहे. त्या काळात पर्वण्यांच्या, म्हणजे मुख्य स्नानाच्या दिवसांच्या आगेमागे नामावळी पाहण्याचा बेत करू नये.

मित्या आणि सनांचा हिशेब

तारीख चुकली की पिढी चुकते, म्हणून इथे घाई नको. नामावळीत आणि पत्रिकेत बहुधा शालिवाहन शक असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. मिती जानेवारी ते फाल्गुन अखेर या काळातली असेल तर ७९ मिळवायचे. महसुली कागदात फसली सन असतो. तो मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतो. त्यात जून ते डिसेंबरसाठी ५९०, जानेवारीपासून मृगापर्यंत ५९१ मिळवा. पेशवाईतल्या कागदांत अरबी म्हणजे शुहूर सन असतो. तोही मृगालाच बदलतो आणि त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात.

शुहूर सन अंकांऐवजी अरबी शब्दांत लिहीत. आधी एकं, मग दहं, मग शतक, शेवटी हजार. इहिदे म्हणजे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच, सीत सहा, सबा सात, समान आठ, तिसा नऊ, अशर दहा. अशरीन वीस, सलासीन तीस, अर्बैन चाळीस, खमसैन पन्नास, सितैन साठ, सबैन सत्तर, समानीन ऐंशी, तिसैन नव्वद. मया शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. आता 'सन इहिदे सितैन मया व अलफ' वाचा : एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे ११६१. पानिपतची लढाई याच सनातली. जानेवारी १७६१ असल्यामुळे ६०० मिळवायचे. तोच दिवस फसली ११७० मध्ये येतो आणि शके १६८२ मध्ये. ही एक तारीख तिन्ही पद्धतींनी करून पाहिली की हात बसतो.

शक आणि संवत्सर दोन्ही दिले असतील तर ते एकमेकांशी जुळतात का ते तपासा. शकात १२ मिळवून ६० ने भागा. उरलेली बाकी म्हणजे साठ संवत्सरांच्या यादीत प्रभव या पहिल्यापासून संवत्सराचा क्रमांक. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. शके १६८२ ला बाकी १४ येते आणि चौदावा संवत्सर विक्रम. कागदावर संवत्सर वेगळा असेल तर शकाचा एखादा अंक चुकीचा वाचला गेला आहे. संवत्सराचं नाव अक्षरांत असल्यामुळे त्यावर जास्त विश्वास ठेवावा. मारवाडी आणि गुजराती यजमानांच्या नोंदींत विक्रम संवत आढळतो. मारवाडी नोंदीत उत्तरेकडच्या रीतीनं महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे वद्य पक्षातल्या मितीला महिन्याचं नाव आपल्यापेक्षा एकानं पुढचं असतं.

मोडी वाचताना

नावापुरतं मोडी एक-दोन महिन्यांच्या रोजच्या सरावानं वाचता येतं. अख्खा निवाडापत्राचा कागद मात्र जाणत्या मोडीवाचकाकडूनच वाचून घ्यावा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि लेखणी न उचलता लिहिल्यामुळे अक्षरं एकमेकांत शिरतात. वाचकाला आधी गावाचं नाव आणि तुम्हाला माहीत असलेली नावं द्या, पण 'हेच नाव आहे ना?' असं विचारू नका. तसं विचारलं की डोळ्याला तेच दिसू लागतं. त्यांना स्वतंत्र वाचू द्या, मग तुलना करा.

संक्षेप पाठ असले की निम्मं काम होतं. 'मौ' मौजे, 'क' कसबे, 'प' परगणे, 'मु' मुक्काम, आणि 'बि' म्हणजे बिन, अमुकाचा मुलगा. खानदेशाकडच्या आणि मुसलमान कुटुंबांच्या कागदांत 'वल्द' येतं, अर्थ तोच. 'कोम' म्हणजे अमुकाची बायको. 'मजकूर' म्हणजे वर सांगितलेला. त्यामुळे 'मौजे मजकूर' दिसलं तर गावाचं नाव आधीच्या ओळींत शोधा. मोगलाईत नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं आणि नंतरच्या कागदांतही 'गुलशनाबाद उर्फ नाशिक' असं आढळतं, तेव्हा ते दुसरंच ठिकाण समजून पान उलटू नका.

नावांची रूपं सैल असतात. राघो, राघोजी, राघू, रघुनाथ हा एकच माणूस असू शकतो. तसेच तुकोजी, तुकाजी, तुकाराम. किसन, कृष्णा, कृष्णाजी. आबा, नाना, अप्पा अशी घरातली हाक थेट कागदावर चढलेली असते. आधीची मुलं दगावल्यावर जगलेल्याला धोंडू, दगडू म्हणायची रीत होती. त्याचं दुसरं, पाळण्यातलं नाव वेगळ्या कागदात असू शकतं.

जमिनीचे कागद

संगणकावरचा आजचा सात-बारा फक्त दार उघडतो. खरा माल त्याच्या मागच्या फेरफारांत, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींत आहे. सात-बाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ फेरफार क्रमांक असतात. तो क्रमांक घेऊन गाव नमुना ६ मधली नोंद काढायची, तिच्यातला आधीचा खातेदार पाहायचा, त्याचा फेरफार काढायचा, असं एकेक पायरी उतरत जायचं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे बहुतेक गावांत पहिले फेरफार विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांतले सापडतात. जुने सात-बारा आणि फेरफार स्कॅन करून 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर चढवलेले आहेत आणि त्यात नाशिक जिल्हा आहे. स्कॅन पुसट असेल किंवा पान गळलं असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. अर्जात गाव, तालुका, गट किंवा सर्व्हे नंबर, फेरफार क्रमांक आणि अंदाजे वर्ष, सगळं लिहा. 'आमच्या पूर्वजांचे कागद मिळावेत' अशा अर्जावर काहीच हाती लागत नाही, कारण कारकुनाला कोणतं बासन सोडायचं हेच कळत नाही.

इथे अडकण्याची नेहमीची जागा म्हणजे गट नंबर. १९४७ च्या कायद्यानंतर गावोगावी जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं आणि सर्व्हे नंबरांच्या जागी गट आले. आजचा गट घेऊन १९३० चा कागद मागाल तर दुसऱ्याचीच जमीन समोर येईल. भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरण योजनेचा उतारा घ्या. त्यात जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट समोरासमोर असतात.

फेरफारांत सर्वांत मोलाचे ते वारसाचे. 'अमुक तारखेस मयत, वारस मुलगे अमुक, विधवा अमुक' ही ओळ म्हणजे पूर्ण कुटुंब. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींचीही नावं त्यात येऊ लागली, सासरच्या नावांसह. बहिणींची हक्कसोडपत्रं दुय्यम निबंधकाकडे नोंदलेली असतात आणि त्यांत प्रत्येकीचं वय आणि राहण्याचं गाव दिलेलं असतं. पणजोबांच्या बहिणी कुठे दिल्या होत्या हे नामावळीत नसतं, इथे मिळतं. उताऱ्यावर 'ए.कु.मॅ.' असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे धाकट्या भावांची नावं झाकलेली आहेत, 'अ.पा.क.' असेल तर अज्ञान मुलाचा पालनकर्ता, आणि तो बाप असतोच असं नाही. पाच-दहा वर्षांच्या मुलापुढे मामाचं किंवा चुलत्याचं नाव असतं आणि लोक त्यालाच बाप समजून फांदी चढवतात.

घराण्याची स्वतःची जमीन नसेल तर सात-बाऱ्यावरच्या इतर हक्कांच्या रकान्यात कूळ म्हणून नाव शोधा. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांच्या अनुषंगाने झालेल्या, त्या कायद्याच्या कलम ३२-ग खालच्या चौकशांत कुळांचे जबाब आहेत. किती पिढ्या ही जमीन कसतो, हे त्यांत कुळानं स्वतः सांगितलेलं असतं.

हक्कनोंदणीच्या मागे जायचं असेल तर भूमी अभिलेखकडचे जुन्या मोजणीचे कागद, म्हणजे सूडपत्रक, शेतवारपत्रक, प्रतिबुक मागा. वतन असेल तर वतनाच्या चौकशीत वंशावळ जोडलेली असते, आणि पाटील, कुलकर्णी, महार, रामोशी अशा सगळ्या वतनांना हे लागू आहे. त्याही मागचं दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात, पेशवे दप्तराच्या रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत. तिथे जाण्याआधी परगणा ठाऊक हवा. जिल्ह्याचा इतिहासही लक्षात ठेवा : नाशिक जिल्हा १८६९ मध्ये झाला, त्याआधी मालेगाव, बागलाण, नांदगावकडचा मुलूख खानदेशात होता आणि इतर बराचसा नगरच्या कलेक्टरीखाली. सुरगाणा तर १९४८ पर्यंत संस्थान होतं. १८५० च्या सटाण्याचा कागद 'नाशिक' शोधून मिळणार नाही. त्या बाजूसाठी धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचा संग्रह विचारात घ्यावा. गाव कोणत्या परगण्यात होतं हे चाचपायला १८८३ चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर उत्तम. ते आणि अनेक घराण्यांचे छापील कुलवृत्तांत पाहण्यासाठी नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, १८४० पासूनचं, पहिलं गाठावं.

जन्ममृत्यू आणि शाळा

गाव नमुना १४ म्हणजे जन्ममृत्यूचं गावचं पुस्तक, बोलीत कोतवाल बुक. जुनी पुस्तकं तहसीलला जमा आहेत आणि पुष्कळशी मोडीत आहेत. जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव नसतं, 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच आणि बापाचं नाव. त्यामुळे नावानं शोधू नका. बापाच्या नावानं आणि वर्षानं शोधा, आणि अपेक्षित वर्षाच्या मागेपुढे निदान पाच वर्षं चाळा. मृत्यूच्या नोंदीतलं वय अंदाजी असतं, ६० किंवा ७० असा गोल आकडा दिसला तर दहा वर्षांची ढिलाई धरा.

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये वडिलांचं नाव, जात, जन्मगाव आणि आधीची शाळा असते. आधीची शाळा हा स्थलांतराचा थेट पुरावा. जन्मतारीख १ जून असेल तर ती मास्तरांनी शाळेत घालण्यासाठी धरलेली समजा, खरी नव्हे.

कुठून आलो, कधी आलो

जुन्या कागदातले तीन शब्द इथे कामाचे आहेत. मिरासदार किंवा थळकरी म्हणजे गावचा वंशपरंपरेचा जमीनधारक. उपरी म्हणजे बाहेरून येऊन जमीन कसणारा. गतकूळ म्हणजे जे कुटुंब बुडालं किंवा गाव सोडून गेलं, त्याची जमीन. पेशवाईतल्या थळझाड्यात, म्हणजे गावच्या जमिनींच्या धारकवार यादीत तुमचं घराणं उपरी दिसलं तर ते त्या सुमारास किंवा थोडं आधी आलेलं आहे. ओसाड गाव पुन्हा वसवायला कौल, म्हणजे सवलतीचा करार देऊन कुणबी आणत, तेव्हा कौलाचा कागद मिळाला तर येण्याचं वर्षच हाती येतं. पहिल्या मोजणीच्या कागदात नाव नाही आणि फेरफारात खरेदीनं आलेलं दिसतं, तर विकत घेतलेल्या जमिनीमागे आलेलं घर.

नामावळीत 'मूळ गाव अमुक, हल्ली मुक्काम अमुक' ही ओळ मिळाली की थांबा आणि आधीची व नंतरची नोंद काढा. एका नोंदीत जुनंच गाव, पुढच्या नोंदीत दोन गावं, तिसरीत फक्त नवं गाव असा क्रम लागतो आणि स्थलांतर पंधरा-वीस वर्षांच्या टप्प्यात बांधता येतं. मग त्या टप्प्यात काय घडलं ते पाहा. १८७६ ते १८७८ चा आणि १८९९-१९०० चा दुष्काळ, १८९७ चा प्लेग, १८६० च्या दशकात कसारा घाट चढून इगतपुरी, देवळाली, मनमाडकडे गेलेली रेल्वे, दारणा आणि गोदावरीचे कालवे, १९२० च्या दशकात नाशिकरोडला उभा राहिलेला नोटा-स्टॅम्पांचा छापखाना, १९६० च्या दशकातला ओझरचा विमान कारखाना. कारण सापडलं की कोणतं दप्तर पाहायचं तेही कळतं : रेल्वेतलं घर असेल तर सेवापुस्तक, कालव्यावरचं असेल तर पाटबंधाऱ्याच्या पाळीपत्रकाआधी खरेदीखत. घरजावई आणि दत्तक यांनाही विसरू नका. माणूस एकटाच गाव बदलतो आणि दत्तक असेल तर बापाचं नावही बदलतं. एकाच माणसाला दोन कागदांत दोन बाप दिसले तर चूक समजण्याआधी दत्तकपत्र शोधा.

एका नावाचे दोघे

आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत हे या कामातलं सर्वांत मोठं कोडं आहे. रामजी बिन गणोजी, गणोजी बिन रामजी, पुन्हा रामजी बिन गणोजी. १८३० चा रामजी आणि १८९० चा रामजी एकच धरला की दोन पिढ्या गळतात. प्रत्येक नावापुढे तो कागदात पहिल्यांदा आणि शेवटी कोणत्या साली दिसतो ते लिहा. दोन्हींत पन्नास वर्षांहून जास्त अंतर पडलं तर बहुधा दोन माणसं आहेत. पिढीला पंचवीस ते तीस वर्षं धरून मोजा. खात्री करायची ती भावांवरून : दोन्ही कागदांत भावांची नावं तीच असतील तर माणूस तोच. भाऊबंदांच्या घरांतही हीच नावं फिरतात, तेव्हा आपल्या एका फांदीपुरतं न थांबता गावातल्या त्या आडनावाच्या सगळ्या घरांचा तक्ता मांडा. कष्टाचं आहे, पण दोन रामजी वेगळे करायला दुसरा खात्रीचा उपाय नाही.

गावोगाव फिरून वंशावळी सांगणाऱ्या भाटांच्या चोपड्यांत अलीकडच्या सात-आठ पिढ्या कामाच्या असतात. त्यावरचा भाग एकदम सूर्यवंश-चंद्रवंशाला जाऊन भिडतो. तो मानानं ऐकून घ्यावा, तक्त्यात चढवू नये.

ज्यांची नामावळी नाही

बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती आणि अनेक आदिवासी कुटुंबांना रामकुंडाच्या वह्या उपयोगी पडत नाहीत, किंवा अर्ध्या वाटेवर थांबतात. महार वतनाची जमीन असलेल्या घरांसाठी वतनाचे कागद आणि शाळेचं रजिस्टर हा मुख्य आधार. सैन्यात कुणी असेल तर सेवेच्या कागदात गाव आणि वारस असतात. मुसलमान कुटुंबांनी काझींकडची निकाहाची नोंदवही आणि काझीपणाच्या इनामाचे कागद पाहावेत. मालेगावच्या विणकर घराण्यांपैकी बऱ्याच जणांची मुळं उत्तर प्रदेशात आहेत, तेव्हा तिथलं गाव आणि जिल्हा थोरल्यांकडून आत्ताच लिहून घ्यावा. ख्रिस्ती घरांसाठी बाप्तिस्मा, विवाह, दफन यांची चर्चची रजिस्टरं आहेत. नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनची गोष्ट त्यात वेगळीच आहे : गुलामीतून सोडवलेली आफ्रिकेतली मुलं तिथे शिकली, आणि त्यांतला जेकब वेनराइट हा आफ्रिकेतला प्रवासी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवाबरोबर १८७४ मध्ये लंडनपर्यंत गेला. चर्चच्या वहीत जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं आहेत का ते आवर्जून पाहा. जुनं नाव मिळालं तरच आधीच्या गावाकडे जाता येतं.

आपली नोंद

नामावळी पाहून झाल्यावर स्वतःची नोंद करूनच उठा. देवनागरीत, सुटं अक्षर, काळी शाई. संपूर्ण नाव, वडील, आजोबा, पणजोबा. आई, तिचं माहेरचं पूर्ण नाव आणि गाव. पत्नीचं किंवा पतीचं तसंच. बहिणी त्यांच्या सासरच्या गावांसह. मुलं आणि मुली दोघंही, जन्मसालासह. मूळ गाव आणि हल्ली मुक्काम वेगवेगळे लिहा, तालुका-जिल्ह्यासकट. परदेशात असाल तर शहराबरोबर देशही लिहा. मिती आणि इंग्रजी तारीख दोन्ही घाला, सही करा, आणि त्या पानाचा फोटो काढून आपल्या तक्त्याच्या पहिल्या पानाला जोडा.